रिकामा रकाना

ती. आई-बाबांना, साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर माझ्या अर्धवट राहिलेल्या डिग्रीचा विषय निघाला की आपण दोघंही आवाज चढवतो आणि आई टीव्ही मोठा करते. म्हणून लिहितेय.

तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून नोकरी धरली त्या रात्री मी तावातावानं विचारलं होतं, ‘रामानुजनकडे कुठे डिग्री होती?’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘घरोघरी रामानुजन जन्मत नाहीत.’ अजून टोचतं ते. पुढे वाचलं तेव्हा कळलं, गणितापायी बाकीच्या विषयांत नापास झालेल्या त्या माणसानं १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या हार्डी या गणितज्ञांना पत्र लिहिलं, १९१४ मध्ये तो केंब्रिजला गेला आणि १९१६ मध्ये तिथे त्याला संशोधनावर बी.ए. मिळाली. म्हणजे माझं उदाहरण अर्धवटच होतं.

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले. उमेदवारांना आम्ही बेरीज चुकवणारा एक छोटा प्रोग्रॅम देतो. बऱ्याच कॉम्प्युटर भाषांत ०.१ आणि ०.२ मिळवा म्हटलं की उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं (आई, खरंच येतं!), आणि हजारो नोंदींत ती शेपटी वाढत जाते. एका मुलीनं, पहिल्या वर्गात पास झालेली, फळ्यावर झकास समजावलं: एक भागिले तीन दशांशात लिहायला गेलं की कसं संपत नाही, तसाच ०.१ बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या आकड्यांत, संपत नाही, कुठेतरी तोडावाच लागतो. पण समोरच्या प्रोग्रॅममध्ये तीच चूक लपली होती, ती काही तिला दिसेना. दुसरा मुलगा कॉलेजचं तोंड न पाहिलेला. त्यानं काही न बोलता प्रत्येक पायरीवर आकडा छापून बघितला आणि दहा मिनिटांत नेमक्या ओळीवर बोट ठेवलं. ‘दशांश नकोत, पूर्णांकात हिशेब ठेवा.’ का, विचारलं तर म्हणाला, ‘ते नाही सांगता येणार. मागे एकदा असंच फसलो होतो.’

मी त्याचं नाव दिलं. ‘का’ हे एका दुपारी शिकवता येतं; शोधत बसायची सवय अंगात मुरायला वर्षं लागतात. तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे. पूल बांधणाऱ्याला किंवा पोट फाडणाऱ्याला मीही ‘का’ येतंय का ते आधी विचारीन, आणि कागदही मागीन.

वरून फॉर्म परत आला. शिक्षणाचा रकाना रिकामा, नियमात बसत नाही.

मायकेल स्पेन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच यावर लिहून ठेवलंय. माणूस किती कामाचा ते मालकाला आधी दिसत नाही, म्हणून तो खूण शोधतो. पदवी ही तशी खूण. अभ्यासानं कामात काडीचा फरक पडला नाही तरी ती चालते, कारण ज्याला काम जमत नाही त्याला ती मिळवणं जास्त जड जातं. २००१ चं नोबेल मिळालं त्यांना. वाचून मला रागच आला. त्या मुलाची दहा मिनिटं मी डोळ्यांनी पाहिली होती, मला कसली खूण हवी होती? पण फॉर्म परत पाठवणारा त्या खोलीत नव्हता. त्याच्यासाठी रकानाच खरा.

आता जे तुम्हाला सांगितलं नव्हतं ते. मागच्या वर्षी माझं प्रमोशन याच रकान्यावर अडलं. आईला वाटलं मी दमलेय म्हणून गप्प आहे.

उरलेल्या विषयांसाठी मी प्रवेशाचा अर्ज भरलाय. बाबा, हसू नका. त्या रात्री मी चुकले असं मी अजूनही म्हणत नाहीये, या सहा वर्षांत जे शिकले ते त्या वर्गात बसून शिकले नसते. जुने गुण धरतील की नाही ते ठरायचंय, त्यासाठी मूळ गुणपत्रिका मागितल्यात. माझ्याकडे एकही नाही. तुम्ही माझं काहीच फेकत नाही, तेव्हा तुमच्या त्या निळ्या फाईलमध्ये पहिल्या दोन वर्षांच्या सापडतात का, तेवढं बघाल?

तुमची,
धाकटी