तुमचं बरं आहे, असं म्हणू नकोस

विटा

प्रिय सुनंदा,

तुझी मेल मेडिकलच्या दुकानात बसूनच वाचली. गणपतीच्या गडबडीत उत्तर राहून गेलं, आता निवांत लिहायला बसलेय. तू लिहिलंयस, ‘तुमचं बरं आहे गं, तिकडे १९७१पासून गर्भपाताचा कायदा आहे. इथे टेक्सासात बायकांचे हाल कुत्रं खात नाही.’

दुसरं वाक्य खरं आहे. तुमच्या डॅलसकडच्या त्या केट कॉक्सची बातमी डिसेंबर २०२३मध्ये मीही वाचली होती. दोन मुलांची आई, पोटातल्या बाळाला ट्रायसोमी १८ हा गुणसूत्रांचा दोष, जगण्याची आशा जवळपास नाहीच. तरी तुमच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टाच्या परवानगीला आधी स्थगिती दिली, मग नकार, आणि बाईला राज्याबाहेर जावं लागलं. गर्भपाताचा हक्क देणाऱ्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७३च्या ‘रो’ निकालावर बायका जवळपास पन्नास वर्षं विसंबून होत्या. २४ जून २०२२ला त्याच कोर्टाने तो फिरवला आणि सगळं एका दिवसात ज्या त्या राज्याच्या मर्जीवर गेलं. आमचा कायदा संसदेने केलेला आहे, त्यामुळे पाया जरा पक्का, एवढं कबूल.

पण ‘बरं आहे’ म्हणण्याआधी माझ्या काउंटरच्या आत येऊन एक दिवस उभी राहा. मध्यंतरी एक बाई आली होती. गिऱ्हाईक सरेपर्यंत समोरच्या बेकरीच्या पायरीवर बसून राहिली आणि दुकान रिकामं झाल्यावर चार घड्या घातलेली चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीत काही वावगं नव्हतं. डॉक्टरांची सही, शिक्का, आठवा आठवडा. धाकटं लेकरू अजून अंगावर पितंय, नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात कोईमतूरला, घरात सासू. मी औषधाचं नाव नीट लागावं म्हणून मोठ्याने वाचायला लागले तर म्हणाली, ‘ताई, हळू.’ आणि माझ्याकडे गर्भपाताच्या गोळ्यांचं ते किट नव्हतं. मी ठेवतच नाही. आसपासच्या बहुतेक मेडिकलवाल्यांनी ठेवायचं सोडलंय. चिठ्ठीवर विकायला बंदी नाही, पण ते एक खोकं ठेवलं की बिल दाखवा, चिठ्ठीची झेरॉक्स दाखवा, पेशंटचा पत्ता दाखवा. तपासणीला आलेले साहेब बाकी सगळी फडताळं सोडून नेमकं तिथेच बोट ठेवतात. तिला कराडला जा म्हणून सांगितलं. जायला-यायला एसटी, लेकरू कडेवर आणि सासूला सांगायला एक खोटं कारण, एवढं तिच्या गळ्यात पडलं.

हे असं का झालं, ते तुला ठाऊक असायला हवं. तू गेलीस तेव्हा हा प्रकार एवढा नव्हता. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या, दहा वर्षांआधी त्या ९१३ होत्या. बीडमध्ये तर ८०७. मग मार्च २०१७मध्ये आपल्याच जिल्ह्यात म्हैसाळ झालं. गर्भपात करताना एक बाई दगावली आणि पोलिसांनी खणलं तर ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. करणारा होमिओपॅथीचा डॉक्टर. त्या दिवसांत दुकानात दुसरा विषयच नव्हता, आणि माझ्याही अंगावर काटा आला होता. लिंगनिदान रोखायला कडक कायदा हवाच. महाराष्ट्राने तो देशात सगळ्यांच्या आधी, १९८८मध्ये केला, याचा मला अभिमान आहे.

फक्त हिशेब बघ. गोळ्या चालतात नवव्या आठवड्यापर्यंत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे साधारण बाराव्याच्या पुढेच दिसतं. म्हणजे आठव्या आठवड्याची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला पोटात काय आहे हे सोनोग्राफीवरून कळलेलंच नसतं. तरी बडगा पडला तो गोळ्यांवर, कारण गोळीचं खोकं मोजता येतं आणि चोरून फिरणारं सोनोग्राफीचं मशीन मोजता येत नाही. त्यात भिंतीभिंतीवर ‘भ्रूणहत्या पाप आहे’. वाचणाऱ्या बाईला वाटतं, गर्भपात हाच गुन्हा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक बायकांना, अगदी शिकलेल्यांनासुद्धा, तो कायदेशीर आहे हेच माहीत नसतं. मग कुणीतरी झाडपाला सांगतं, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीतून चिठ्ठीबिगर गोळी येते. किती घ्यायची, कधी घ्यायची, रक्त थांबलं नाही तर कुठे पळायचं, हे तिला कोण सांगणार?

आणि कायदा आहे म्हणतेस, तर तो कुणाच्या हातात आहे तेही बघ. गर्भपातावरची शांतिलाल शाह समिती १९६४ची. शाह आपल्या राज्याचे आरोग्यमंत्री. चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या, आणि सरकारला लोकसंख्येचीही धास्ती होती. त्यातून १९७१चा कायदा आला. बायकांच्या हक्काचा म्हणून नाही. मूळ दंडविधानात तो गुन्हाच राहिला, अमुक परिस्थितीत डॉक्टरला शिक्षा नाही एवढंच. बाईने ‘मला नको’ म्हणून भागत नाही, ‘हिला परवानगी द्यावी’ असं मत डॉक्टरने द्यावं लागतं. २०२१च्या दुरुस्तीत मुदत काही जणींसाठी वीसवरून चोवीस आठवड्यांवर गेली आणि गर्भनिरोधक साधन निकामी झाल्याच्या कलमातला ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला. २९ सप्टेंबर २०२२ला सुप्रीम कोर्टाने अविवाहित मुलींनाही चोवीसपर्यंत तोच हक्क दिला. एवढं पुढे आलोय, हे खरंच. पण दवाखान्यात जाऊन बघ, पहिला प्रश्न काय? ‘मिस्टर आलेत का? सही लागेल.’ अठराच्या पुढच्या बाईला स्वतःच्या सहीशिवाय कुणाचीही सही लागत नाही, असं कायदा सांगतो. कोईमतूरच्या माणसाची सही ती कुठून आणणार होती?

तुझ्या सासूबाई म्हणतात, ‘जीव तो जीव, आपल्यात असलं नव्हतं.’ त्यांना म्हणावं, सगळं होतं, फक्त विहिरी आणि उकिरडे बोलत नव्हते. फसलेल्या विधवांसाठी १८६३मध्ये जोतिबा-सावित्रीबाईंना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उगीच काढावं लागलं नाही. त्या बायकांपुढे जीव देणं किंवा जीव घेणं, एवढंच उरलेलं असायचं.

‘जीव’ हा मुद्दा मी मात्र उडवून लावणार नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टापुढे सव्वीस आठवड्यांची गरोदर असलेली एक बाई होती. दोन मुलं, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार, आणि दूध पाजत असल्याने दिवस गेलेले कळलेच नाहीत. आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींचं जमेना, शेवटी तिघांनी नाही म्हटलं. त्या आठवड्यात मी रोज पेपर उघडून वाचायचे आणि रोज माझं मत बदलायचं. सव्वीस आठवड्यांचं बाळ काचेच्या पेटीत जगू शकतं, आणि त्या बाईने सांगितलेलं दुखणंही खोटं नव्हतं. तिथे मला अजून ठाम बोलता येत नाही. पण आठव्या आठवड्याला चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि सव्वीस आठवड्यांचा घोळ दाखवून तिची वाट अडवायची, हा खेळ तुमच्याकडेही तोच चाललाय. बरं, सव्वीसपर्यंत गोष्ट जाते कशी? कितीदा तरी आठव्याला कुणी धड उत्तर न दिल्यामुळेच.

किट ठेवायचं की नाही, यावर घरात आमची रोज जुंपतेय. हे म्हणतात, एका खोक्यापायी लायसन्स धोक्यात घालू नकोस. मी म्हणते, कागद चोख ठेवू, बघू कोण काय करतं ते. बहुधा पुढच्या ऑर्डरीत दोन मागवणार आहे. यांना अजून सांगितलेलं नाही.

तू मला एक कळव. तुझी ती मराठी गायनॅकबाई, तिच्या केबिनमध्ये ती पेशंटला ‘न्यू मेक्सिकोला जा’ असं तोंडाने सांगते का, की तिलाही हळू बोलावं लागतं? आणि अदिती कॉलेजला ऑस्टिनला जाणार म्हणतेस, तिच्याशी यावर बोललीस का? लाजू नकोस, हॉस्टेलवर आपल्याशी कुणी बोललं नव्हतं.

तुझी,
रेखा