एच-१बीच्या बातमीत तारीख छापा, आणि ‘कंपनीचा वकील’ कोणाचा तेही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या व्हिसाविषयीची बातमी मराठी वाचकाच्या घरात शिरते ती बहुधा मथळ्याच्या रूपात. मथळ्यावरून मुलाला फोन जातो, मुलगा ऑफिसच्या वकिलाला घाईघाईत दोन ओळी लिहितो, वकिलाचे उत्तर चार दिवसांनी येते आणि तोवर तिकीट काढून किंवा रद्द करून झालेले असते. या साखळीतल्या दोन कड्यांबद्दल लिहायचे आहे. बातमी कशी छापावी ही पहिली, आणि वकिलाकडे कसे जावे ही दुसरी.

१९ सप्टेंबर २०२५ चा शुक्रवार घ्या. एच-१बी या कुशल नोकरदारांच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर भरण्याचा अध्यक्षीय जाहीरनामा त्या दिवशी निघाला. तो लागू होणार होता रविवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री १२ वाजून १ मिनिटाने, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी ९ वाजून ३१ मिनिटांनी. सोमवारी घटस्थापना होती. सुट्टीवर भारतात आलेल्या अनेकांनी मिळेल त्या भावाने परतीचे तिकीट काढले. रक्कम एकदाच भरायची आहे, ती फक्त नव्या अर्जांना आहे आणि ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांच्या प्रवासावर परिणाम नाही, हा खुलासा शनिवारी आला. पुढे २० ऑक्टोबरला इमिग्रेशन खात्याने तपशील दिला. २१ सप्टेंबरला किंवा त्यानंतर दाखल झालेला नवा अर्ज, ज्याच्यासाठी तो केला तो माणूस अमेरिकेबाहेर आणि हाती वैध एच-१बी व्हिसा नाही, अशांना ही रक्कम लागते. अमेरिकेतच राहून विद्यार्थी-दर्जावरून एच-१बीवर जाण्याची विनंती मंजूर झाली, तर लागत नाही.

बातमीत सहसा न येणारा आणि सगळ्यांत महागात पडणारा मुद्दा इथेच आहे. दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना विद्यार्थी देशाबाहेर गेला, तर दर्जा बदलण्याची मागणी सोडून दिली असे धरले जाते. मग अर्ज मंजूर झाला तरी व्हिसा बाहेरून घ्यावा लागतो आणि १ लाखाचा प्रश्न कंपनीपुढे उभा राहतो. बहिणीच्या लग्नाला आठवडाभर येऊन जाण्याची किंमत एवढी होऊ शकते. मंजुरी आल्यावर प्रवास केला, तर त्याच अर्जावर व्हिसा घेताना ही रक्कम लागत नाही. प्रवास आधी की मंजुरी आधी, एवढ्यावर सगळे अवलंबून असते.

म्हणून विनंती अशी की अशा प्रत्येक बातमीत पहिल्या दोन परिच्छेदांत तीन गोष्टी असाव्यात. कागद कोणता, लागू कधीपासून, लागू कोणाला. कागदांत फरक असतो. जाहीरनामा दोन दिवसांत लागू होऊ शकतो. नियमाला मसुदा, हरकती आणि अंतिम नियम अशा पायऱ्या असतात. धोरणपुस्तिकेतला बदल मात्र कसलाही गाजावाजा न होता येतो. मर्यादित एच-१बी जागांसाठी अर्जदार निवडणाऱ्या सोडतीत जास्त वेतनस्तराला जास्त संधी देणारा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हाच ‘सोडत बंद’ असे मथळे फिरू लागले. अंतिम नियम २९ डिसेंबरला प्रसिद्ध झाला आणि तो २७ फेब्रुवारी २०२६ पासूनचा आहे. सोडत बंद झालेली नाही. चौथ्या वेतनस्तराच्या माणसाच्या चार चिठ्ठ्या पडतात, पहिल्या स्तराच्या माणसाची एक. हा स्तर नुसत्या पगाराच्या आकड्यावर ठरत नाही, तो त्या व्यवसायाच्या त्या भागातल्या वेतनावर ठरतो. सॅन होजेत दुसऱ्या स्तरात बसणारा पगार एखाद्या लहान शहरात तिसऱ्या किंवा चौथ्या स्तरात बसू शकतो. हे एक वाक्य छापले असते, तर अनेक विद्यार्थ्यांनी नोकरीच्या ठिकाणाचा वेगळा विचार केला असता.

आता वकिलाकडे वळू. ‘माझा वकील’ असे आपण म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा कंपनीचा असतो. एच-१बीचा अर्ज कंपनीचा असतो. ग्रीन कार्डाच्या वाटेवरचे लेबर सर्टिफिकेट (त्या कामाला योग्य अमेरिकी माणूस मिळत नसल्याचा श्रम खात्याचा दाखला) कंपनीचे, त्यानंतरचा आय-१४० हा कर्मचाऱ्यासाठीचा अर्ज सुद्धा बहुतांश कंपनीचाच. खात्याची नोटीस कंपनीला जाते आणि अर्ज मागे घेण्याचा अधिकारही तिचाच. तुमचा स्वतःचा अर्ज म्हणजे आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, पत्नीचा किंवा पतीचा एच-४ हा जोडीदाराचा दर्जा, त्यांचे वर्क परमिट. वकील कोणाच्या वतीने उभा आहे हे जी-२८ नावाच्या फॉर्मवर लिहिलेले असते. तो फॉर्म मागून पाहावा. त्यावर कंपनीचेच नाव असेल, तर तुमच्याबद्दल त्याला कितीही आस्था असली तरी त्याची बांधिलकी कंपनीशी आहे. दोघांचेही प्रतिनिधित्व तो करत असेल, तर एकाने सांगितलेले दुसऱ्यापासून लपवून ठेवण्याची हमी तो सहसा देऊ शकत नाही. तेव्हा दुसरी नोकरी शोधतो आहे, नोकरी जाण्याची भीती आहे, पगार वेळेवर मिळत नाही, पूर्वी कधी अटक झाली होती, असे विषय असले की स्वतःच्या पैशाने तासभर स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा. हा खर्च टाळून पुढे वर्षे घालवणारे लोक आहेत.

पैशांचेही स्पष्ट हवे. लेबर सर्टिफिकेटचा खर्च आणि त्यासाठीची वकिलाची फी कंपनीनेच द्यायची असते. ती कर्मचाऱ्याच्या पगारातून कापणे नियमाविरुद्ध आहे. एच-१बी अर्जाची वकील-फीसुद्धा कंपनीचा धंद्याचा खर्च मानली जाते. आय-४८५ची फी मात्र तुमच्या खिशातून जाऊ शकते. स्वतःचा वकील नेमताना करारपत्रात पाहायचे ते असे: सरकारी शुल्क आत की बाहेर, जादा पुरावे मागणारी नोटीस आली तर तिचे उत्तर त्याच फीत की वेगळे, पती-पत्नी आणि मुलांचे अर्ज धरले आहेत का, आणि फाइल रोज हाताळणारे कोण. वकिलाचा परवाना ज्या राज्याचा आहे त्या राज्याच्या बार संस्थेच्या संकेतस्थळावर नाव घालून पाच मिनिटांत तपासता येतो, शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर बहुधा तीही दिसते. परवाना कोणत्याही एका राज्याचा असला तरी इमिग्रेशनचे काम देशभर करता येते. आपल्या गावातला व्हिसा एजंट फॉर्म भरून देऊ शकतो, कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार त्याला नाही. ‘व्हिसाची शंभर टक्के हमी’ ही पाटी दिसली की पाय मागे घ्यावा. एजंटने व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, म्हणजे डीएस-१६० मध्ये, खोटे लिहिले तरी सही तुमची असते, आणि महत्त्वाची बाब मुद्दाम खोटी सांगितल्याचा ठपका बसला तर प्रवेशबंदी कायमची असते.

वकिलाला प्रश्न कसा विचारावा? ‘नव्या नियमाचा मला त्रास होईल का’ याला नेमके उत्तर देताच येत नाही. मी आज कोणत्या देशात आहे, आय-९४ (अमेरिकेत शिरताना मिळणारी, राहण्याची मुदत सांगणारी नोंद) कधी संपतो, कोणता अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला, पुढच्या सहा महिन्यांत प्रवास आहे का, ही चार उत्तरे त्याच ईमेलमध्ये दिली की बहुतेक वेळा नेमके उत्तर मिळते. सोबत खात्याच्या पोच-मंजुरीच्या आय-७९७ या सगळ्या जुन्या नोटिसा, विद्यापीठाने दिलेले सगळे आय-२०, पासपोर्टची शिक्के असलेली पाने, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि वर्षवार डब्ल्यू-२ (पगार आणि कराचे विवरण) एका फोल्डरमध्ये तारखेच्या क्रमाने असाव्यात. मोबाइलवर काढलेले, कडा कापलेले फोटो चालत नाहीत.

आय-९४ची चूक फार जणांकडून होते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आय-७९७वर २०२८ लिहिले आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो. पासपोर्ट २०२७ मध्ये संपणार असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ बहुधा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आणि राहण्याची मुदत ठरते ती शेवटच्या आय-९४वरून. प्रत्येक प्रवासानंतर सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून नवा आय-९४ उतरवून तारीख पाहावी आणि त्याच दिवशी वकिलाला पाठवावी. मुदत उलटून वर्षभराने कळले, तर ते निस्तरणे फार अवघड होते. २८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशानंतर, अर्ज नाकारला गेला आणि राहण्याचा दुसरा आधार नसेल, तर खाते थेट इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस काढू शकते. शेवटच्या आठवड्यात अर्ज करण्याची जुनी सवय आता धोक्याची आहे.

सही करण्यापूर्वी फॉर्म वाचावा, कोरा फॉर्म सही करून देऊ नये. पदनाम, पगार, कामाचा पत्ता, तारखा. श्रम खात्याकडे दिलेल्या एलसीएची (पगार आणि कामाच्या जागेबद्दल कंपनीने दिलेल्या निवेदनाची) प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे, तो हक्क आहे. घरून काम करणाऱ्यांनी तर पत्त्याकडे फारच लक्ष द्यावे. एका महानगर क्षेत्रातून दुसऱ्यात राहायला गेलात, तर सुधारित अर्ज जाण्याआधी दाखल व्हावा लागतो, नंतर नाही. शिवाय घर बदलले की १० दिवसांत पत्ताबदलाचा फॉर्म एआर-११ भरायचा असतो.

जादा पुराव्यांची नोटीस आली तर जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. मुदत वाढत नाही, आणि उत्तर एकदाच, एकत्र द्यायचे असते. अर्धे उत्तर पाठवले तर तेवढ्यावर निकाल लागतो. नोटीस कंपनीच्या वकिलाकडे जाऊन पडते आणि कर्मचाऱ्याला साठाव्या दिवशी कळते, असे होऊ नये म्हणून पावती क्रमांक स्वतःकडे ठेवून खात्याच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला स्थिती पाहावी.

नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. मोजणी नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून. नुकसानभरपाईचे पैसे आणखी दोन महिने येत राहिले म्हणून मोजणी थांबत नाही. पहिल्या आठवड्यातच स्वतःचा वकील गाठावा, आणि तो जुन्या कंपनीचा नसावा. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झालेले असतील, तर कंपनीने तो मागे घेतला तरी प्रायोरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, राहते आणि एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढच्या मुदतवाढीचा आधारही राहतो. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दशकाहून लांब आहे, त्यामुळे आय-१४०च्या मंजुरीची प्रत सोन्यासारखी जपावी. ती कंपनीकडून नोकरीत असतानाच मागून घ्यावी.

एच-४वर काम करणाऱ्यांसाठी ३० ऑक्टोबर २०२५ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवसापासून दाखल झालेल्या वर्क परमिटच्या नूतनीकरणाला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. जुने कार्ड संपले त्या दिवशी काम थांबते, नवे हातात येईपर्यंत. १८० दिवस आधी अर्ज करता येतो, तेव्हा त्या तारखेला वकिलाला स्मरण द्यावे. एच-१बीला जादा शुल्काच्या प्रीमियम सेवेत १५ कामकाजाच्या दिवसांत हालचाल होते म्हणून एच-४चेही लगेच होईल, हे गृहीत धरू नये.

आपल्याकडचे कागद हा वेगळाच विषय. आय-४८५च्या वेळी जन्मदाखला लागतो, आणि जुन्या दाखल्यात बाळाचे नावच नसते, किंवा फक्त मराठीत असते, किंवा आईचे माहेरचे नाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे. ग्रामपंचायतीकडून किंवा महापालिकेकडून नाव घालून नवा दाखला घेण्याचे काम रांगेत असतानाच उरकावे. दाखला उपलब्ध नसेल तर तसे निबंधकाचे पत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडतात. आजी-काका हयात असतानाच हे करून ठेवावे. मराठी कागदाच्या भाषांतराला नोटरी लागत नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते.

शेवटी एक बदल, ज्याची बातमी मराठीत जेमतेम आली. आईवडिलांसोबत रांगेत असलेल्या मुलांचे वय मोजताना १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना व्हिसा बुलेटिनमधला (रांग कुठवर सरकली ते दर महिन्याला सांगणाऱ्या पत्रकातला) ‘अंतिम कारवाई’चा तक्ताच धरला जातो. त्याआधी ‘अर्ज दाखल करण्याचा’ तक्ताही उपयोगी पडत असे आणि तो पुढच्या तारखेचा असल्याने मुलाचे वय २१ च्या आत (त्यापुढे ते आईवडिलांच्या अर्जात धरले जात नाही) बसण्याची शक्यता जास्त असे. वकिलाकडून मुलाचे वय नव्या पद्धतीने, आय-१४० प्रलंबित राहिलेले दिवस वजा करून, लेखी मोजून घ्यावे आणि मूल १६-१७ वर्षांचे असतानाच घ्यावे. त्या वयात त्याच्यासाठी विद्यार्थी-दर्जाचा पर्याय आखायला वेळ असतो. या एका विषयावर आपल्या पुरवणीत पानभर मजकूर यावा, ही विनंती.

आपले,
इमिग्रेशनच्या फायलींचे काम करणारे दोन वाचक
एडिसन, न्यू जर्सी