दिगूस, दाढीबद्दल

धुरीवाडा, मालवण
श्रावण वद्य पंचमी

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

दाढी केली की मानेवर पुटकुळ्या उठतात, दिवसभर कॉलर टोचते, आणि पाच पात्यांच्या रेझरचं नवं डोकं विकत घेताना जीवावर येतं, असं तू लिहिलंस. तिन्हींवर मला ठाऊक असलेला इलाज एकच. दोन्ही बाजूंना धार असलेली एक पत्ती आणि तिला धरणारा सेफ्टी रेझर. आपल्या वडलांच्या आरशाखाली असायचा तोच. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू दुसऱ्याच वाक्याला ‘बरं, लिंक पाठव’ म्हणाला असतास, म्हणून कागद घेतला.

आधी मानेचं. १९७१ साली जिलेट कंपनीनं दोन पात्यांचा रेझर काढला, १९९८ला तीन पात्यांचा, २००६ला पाचांचा. पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि मागचं त्याला कापतं. कापलेला केस मग कातडीच्या खाली जाऊन बसतो. गाल मऊ लागतो हे खरं, पण ज्याचे केस राठ आणि वळणारे, त्याचा तो केस वाढताना बाहेर यायची वाट सोडून आतच वळतो. तुझ्या मानेवर फुगतं ते हेच. एक पातं केसाला कातडीच्या पातळीवर कापतं आणि पुढे जातं. गंमत बघ, २०१०मध्ये त्याच कंपनीनं भारतासाठी स्वस्त रेझर काढला, पंधरा रुपयांचा, तो एकाच पात्याचा होता!

पत्ती घेताना ‘माझ्या रेझरला हीच लागेल का’ हा प्रश्न इथे येत नाही. ही कंपनी काढणाऱ्या किंग कॅम्प जिलेटला वापरून फेकायची पातळ पत्ती हवी होती. इतक्या पातळ पोलादाला धार टिकणार नाही असं जाणकार त्याला सांगत. विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरनं ते जमवून दिलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षात, ५१ रेझर आणि १६८ पत्त्या खपल्या. १९०४ला पेटंट मिळालं. आज या पत्त्यांचं माप सगळीकडे एकच आहे, त्यामुळे मालवणच्या बाजारातली टोपाझ किंवा सेव्हन ओ’क्लॉक जर्मन रेझरलाही बसते. एका पत्तीला चार-पाच रुपये. सलूनवाला हीच पत्ती मधोमध मोडून अर्धी आपल्या वस्तऱ्यात सरकवतो, तू शंभरदा पाहिलं असशील.

रेझर कुठला? तीन तुकड्यांचा घे, फिरवून दारं उघडणारा नको. वरचं झाकण, मधली पाटी, खाली दांडा. बिघडायला त्यात काही नाही. पाटीची कड सरळ असावी. दातेरी कडेचा, फणीसारखा असतो, तो दाट वाढलेल्या दाढीसाठी. तुला तो आत्ता नको. पार्कर हे नाव अमेरिकन असलं तरी माल बनतो भारतात आणि आवाक्यात येतो. मर्कूर जर्मनीतल्या झोलिंगेनचा, छानच, पण आवडलं तर पुढच्या वर्षी घे. पत्त्या मात्र सुरुवातीला दोन-तीन तऱ्हेच्या आण, कारण एकाला मानवते ती दुसऱ्याला मानवत नाही. जपानी फेदर फार तिखट धारेची. हात बसल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नकोस.

पत्ती बसवताना तिच्या आखूड कडा धरायच्या, धारेच्या नाहीत. झाकण उलटं ठेव, त्याच्या खुंट्यांवर पत्ती, वर पाटी, आणि दांडा आवळ. मग समोर धरून बघ, दोन्हीकडे पत्ती सारखी बाहेर दिसते का. तिरकी बसली असेल तर एक बाजू ओरबाडणार.

आता पाणी. खरी दाढी इथे होते, बाकी नुसतं खरडणं. कोरडा केस चिवट असतो, तो दोन-तीन मिनिटं पाणी प्यायला की पत्तीला सहज सोडतो. म्हणून आंघोळीनंतर दाढी कर, आधी नाही. डब्यातला फुसकन येणारा फोम आणू नकोस. गोदरेजचा गोल साबण किंवा कुठलीही साधी क्रीम चालेल. ब्रश भिजव, झटक, साबणावर अर्धा मिनिट फिरव आणि मग तोंडावर, एकेक थेंब पाणी वाढवत. लोक पाणी कमी घालतात आणि फेस उंच दिसला की खूश होतात. उंच फेस वाऱ्याचा असतो. आपल्याला हवा तो विरजण चांगलं लागलेल्या दह्यासारखा, चकाकणारा, बुडबुडे न दिसणारा.

आणि इथेच तुझी पुण्यात पंचाईत होईल. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ, साबण लागला की फेस. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात तेव्हा तोच साबण फुटतो, फेसाला जीव राहत नाही. तुमच्या सोसायटीत टँकरनं येतं ते बोअरचं जड पाणी. त्यातला चुना साबणाशी मिळून चिकट साका करतो, तो ब्रशलाही बसतो आणि गालालाही. उपाय सोपा आहे. फेसापुरतं वाटीभर पाणी स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं घे. वहिनी हसतील, हसू देत.

हाताचं सांगतो. मालवणात भरड नाक्यावरच्या आमच्या न्हाव्याला मी विचारलं, नवशिक्यानं काय ध्यानात ठेवायचं? तो म्हणाला, ‘‘हात हलको ठेव. पत्तीक आपला काम कळता.’’ यापलीकडे मला फार काही सांगता येईल असं वाटत नाही. पाच पात्यांच्या रेझरची मान हलती असते, म्हणून आपल्याला दाबायची खोड लागते. सेफ्टी रेझरची मान ताठ. दाबलंस की कापलं. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं, दांडा शेवटाकडे दोन बोटांत धर म्हणजे दाबताच येणार नाही. कोन असा सापडतो: दांडा गालाला काटकोनात धरून डोकं टेकव, मग दांडा हळूहळू खाली आण. पत्ती केसाला लागल्याचा बारीक करकर आवाज आला की थांब. पत्ती आणि गालात तेव्हा अंदाजे तीस अंश होतात. आवाजाकडे कान दे, आरशापेक्षा तो जास्त सांगतो. फटके इंचभराचे, लांब ओढायचे नाहीत, आणि दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरायची.

मानेचे केस सगळे खाली वाढतात असं समजू नकोस. दोन दिवसांची दाढी असताना बोट फिरव. जिकडे बोट सुळकन जातं ती सुलटी दिशा. तुझी मान मला आठवते, डाव्या बाजूला केस आडवे पळतात. पहिला हात सगळीकडे सुलटा. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. पुरे. सलूनमध्ये ‘उलटी मारू काय?’ विचारतात ना, तिला निदान दोन महिने ‘नको’ म्हण, आणि मानेवर कायमचंच नको म्हटलंस तरी चालेल. दाढी जरा खरखरीत राहील. ऑफिसात कोण हात फिरवून बघतंय?

मग गार पाणी, आणि ओली तुरटी फिरव. झोंबेल तिथे तू दाबलंस असं समज. मिनिटभरानं धुऊन टाक. सुगंधी, स्पिरिटवाले लोशन मला आवडत नाहीत, ते कातडी आणखी कोरडी करतात. मी कोकमतेलाचा गोळा वापरतो, आई पायांच्या भेगांना लावते तोच. तळव्यावर चोळून मऊ केला की कणभर पुरतो.

पत्ती चार-पाच दाढ्यांनंतर बदल, ओढायला लागली तर आधीच. जुन्या पत्त्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, कचरा वेचणाऱ्या बाईचे हात असतात तिथे. पावडरच्या डब्याला चीर पाडून त्यात टाकत जा. इथल्या खाऱ्या वाऱ्यात रेझर ओला राहिला तर मुलामा फुगतो, म्हणून मी पुसून मोरीबाहेर ठेवतो. पावसाळ्यात ब्रशला बुरशी धरते, त्यामुळे रानडुकराच्या केसांचा सोडून कृत्रिम केसांचा घेतला, तो लवकर सुकतो. सावंतवाडीला चितारआळीत त्याला लाकडी मूठ कातून मिळेल का, ते विचारणार आहे. लाखेचा रंग पाण्याला किती टिकेल ते बघायला हवं.

एक राहिलं. श्रावण पाळून वाढवलेली दाढी घेऊन सुरुवात करू नकोस. पत्तीत केस अडकतात आणि हात आपोआप दाबतो. आधी ट्रिमरनं उतरव. चतुर्थीला येशीलच. विमानानं येणार असलास तर पत्त्या मोठ्या सामानात ठेव, हातातल्या बॅगेत त्यांना बंदी आहे. एसटीनं आलास तर प्रश्नच नाही. आणि येताना तुमच्या सोसायटीचं पाणी एका बाटलीत भरून आण. आमच्या विहिरीच्या पाण्याशेजारी ठेवून दोन्हींचा फेस करून बघू, म्हणजे मी उगाच बढाई मारत नाही हे तुला पटेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत