झोपण्याआधी खायचं, बाबा

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा निघताना बाबांनी हात वर केला आणि घड्याळ मनगटावरून घसरत पार कोपरापर्यंत गेलं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. आई, तू म्हणालीस, "अगं, वजन तर दोन किलोने वाढलंय त्यांचं." ते पाणी आहे गं, बाबांच्या सिरोसिसमुळे, म्हणजे लिव्हर कडक होत गेल्यामुळे, पोटात आणि पायांत साठलेलं. त्या पाण्याने काट्यावरचा आकडा वाढतो आणि मांड्या-दंड झिजलेले लक्षातच येत नाहीत.

आपण दर वेळी रक्ताच्या रिपोर्टमधलं बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर बघतो. लिव्हरचा आजार किती गंभीर आहे हे सांगणारा मेल्ड स्कोअर याच आकड्यांवरून आणि सोडियमवरून काढतात. अंगात स्नायू किती उरलेत, हे त्यात कुठेच येत नाही. पण सिरोसिसमध्ये ज्यांचे स्नायू झिजतात त्यांना संसर्ग लवकर होतो, पुन्हा पुन्हा दाखल व्हावं लागतं, आणि तेवढाच स्कोअर असलेल्या दुसऱ्या रुग्णापेक्षा त्यांच्या जिवाला धोकाही जास्त असतो. हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं माझं. लिहिलं, कारण यातलं थोडंफार तरी आपल्या हातात आहे.

बाबा, तुम्ही संध्याकाळी सातला चार घास खाता, पोट गच्च वाटतं म्हणून ताट सारता, आणि मग थेट सकाळी नऊला खाता. चौदा तास! निरोगी लिव्हर रात्रीपुरती साखर साठवून ठेवतं. तुमच्या लिव्हरला ती साठवण जमत नाही, म्हणून शरीर स्नायू मोडून त्यातून साखर बनवतं. सिरोसिसमध्ये एका रात्रीची उपासमार म्हणजे धडधाकट माणसाची दोन-तीन दिवसांची. रोज रात्री हे होतंय. म्हणून झोपण्याआधी पोटभरीचं काहीतरी आणि सोबत प्रोटीन, सकाळी उठल्यावर लवकर नाश्ता, आणि दिवसाही तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहायचं नाही. एका वेळी थोडंच खाल्लं तरी चालेल.

आई, आता तुझ्याशी. बाबा मध्यंतरी भ्रमिष्टासारखे बोलायला लागले तेव्हा कोणीतरी सांगितलं, डाळ-दूध बंद करा, आणि तू जिवाच्या धास्तीने केलंस. तुझं काही चुकलं नाही, पूर्वी डॉक्टरही हेच सांगायचे. पण तो भ्रम होण्यामागे रक्तात साठणाऱ्या अमोनिया या विषारी द्रव्याचा मोठा हात असतो, आणि लिव्हर थकलं की अमोनिया निपटायचं बरंचसं काम स्नायूच अंगावर घेतात. प्रोटीन तोडलं की स्नायू आणखी घटतात आणि अमोनिया आणखी साठतो. आता किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन द्यायला सांगतात. पाणी वगळून बाबांचं वजन 60 किलो धरलं तर 72 ते 90 ग्रॅम होतं. सिरोसिसमध्ये दुधातलं आणि डाळींचं प्रोटीन बऱ्याच जणांना चांगलं मानवतं. मीठ मात्र डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. बाकीचं गणित आहारतज्ज्ञांसोबत बसून करू, मी येते.

बाबा, एक करून बघा, आई शेजारी उभी असताना. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा आणि किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. लिव्हरच्या रुग्णांची ताकद मोजायला डॉक्टरही अशीच चाचणी घेतात, सोबत हाताची पकड आणि तोल बघतात. रोज थोडं चाला. वजनं मात्र उचलू नका. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही.

मी रविवारी पोचते. तोवर रोज रात्री दहाला फोन करीन. आई, स्पीकरवर ठेव. बाबांचं खाणं होईपर्यंत मी बोलत बसेन.

तुमची लेक