घशातली कोय काढणाऱ्या रसवंतीवाल्या आप्पांस

आप्पा, सप्रेम नमस्कार.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुपारी तुमच्या रसवंतीसमोर घशात कोय अडकून तडफडणारं कुत्रं आता नीट खातंपितं आहे. लोक तुमच्या हाताचं कौतुक करतात. आम्ही जनावरांच्या दवाखान्यात काम करणारे. आम्हाला आधी आभार मानायचेत ते तुम्ही जे होऊ दिलं नाहीत त्याचे.

जमलेल्यांपैकी कोणी पाणी आणलं, कोणी केळं. रावेर-यावलच्या या पट्ट्यात केळ्याला काय तोटा, आणि घशात काटा टोचला की केळं गिळायचं हे घरोघरी ठाऊक. पण इथे तो घास कोयीवर बसतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. पाणी श्वासनळीत उतरलं तर पुढे न्यूमोनिया. तुम्ही दोन्ही परत पाठवलंत.

त्याहून मोलाचा तुमचा पहिला प्रश्न, "याला खाताना कोणी पाहिलं का?" लाळ गळणं, जबडा लोंबणं, गिळता न येणं ही पिसाळलेल्या कुत्र्याचीही लक्षणं. हाड अडकलंय समजून अशा तोंडात हात घालणं जिवावर बेततं. एका पोराने कोय फेकल्याचं सांगितलं, कुत्रं पंजाने तोंड ओरबाडत होतं, मगच तुम्ही पुढे झालात. खात्री नसेल तर हात घालायचाच नाही.

आणि सामान काय, तर दुकानातलंच! न सोललेलं, अंगठ्याएवढं जाड उसाचं कांडकं दाढांमध्ये आडवं घातलंत. जबडा मिटत नाही, आणि लोखंडी पान्याने तुटतात तसे दातही तुटत नाहीत. जीभ रुमालात पकडून शेजाऱ्याच्या हाती दिलीत; ओली जीभ नुसत्या बोटांतून सटकते. कोय दिसत असूनही बोटं घातली नाहीत हे फार बरं केलंत. बुळबुळीत कोय चिमटीतून निसटते ती मागेच जाते. शिवाय जिभेच्या बुडाशी कुत्र्याची स्वतःची बारीक हाडं हाताला लागतात, आणि अडकलेलं हाड म्हणून लोक तीच ओढत बसतात. तुम्ही बाहेरून, जबड्याच्या कोपऱ्यामागे गळ्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून कोय तोंडाकडे सरकवली आणि पुढे आल्यावर तिच्या रेषांत रुमाल गुंतवून काढली. आंबा गावरान, रेषाळ होता हे नशीब.

घरघर ऐकू येत होती, म्हणजे थोडी हवा जात होती, म्हणून एवढ्यावर भागलं. आवाजच बंद झाला, जीभ निळसर पडली, तर लहान कुत्र्याला मागच्या मांड्या धरून उलटं करायचं, मोठ्याचे मागचे पाय उचलायचे आणि खांद्यांच्या मध्ये तळव्याने चार-पाच थापा द्यायच्या. तरी निघालं नाही तर मागून कवेत घेऊन, बरगड्या संपतात तिथे पोटावर मूठ ठेवून आत आणि पुढे असे पाच झटके, की पुन्हा तोंडात बघायचं. दोरा लोंबताना दिसला तर मात्र ओढायचा नाही, आत टोकाला सुई असू शकते.

आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात आणखी एक धोका असतो. कुत्रं धापा टाकूनच अंग गार करतं. घसा तुंबला की ताप चढत जातो. पोटावर, मांड्यांत साधं पाणी ओतून तुम्ही पंखा लावलात, हे सहसा कोणाला सुचत नाही. त्याच संध्याकाळी दवाखान्यात आणलंत तेही योग्यच, कारण घशाची सूज काही तासांनी वाढू शकते. वाहन नसेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो, पण श्वास कोंडलेला असताना गाडीची वाट बघून चालत नाही.

एक काम अजून बाकी आहे. कुत्र्याचा दात तुमच्या बोटाला खरचटला होता. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतलंत, सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू केलीत, ०, ३ आणि ७ व्या दिवसाचे डोस झाले. कुत्रं ठणठणीत दिसतंय म्हणून २८ व्या दिवसाचा डोस टाळू नका. आम्ही दुकानावर येऊन विचारणार आहोत.

आपली,
जनावरांच्या दवाखान्यातली मंडळी