उपासनेतील टाळी आणि मागे पडलेले ‘आमेन’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चमध्ये उपासना चालू असताना टाळ्या वाजवाव्यात की नाही, हा वाद मंडळ्यांमध्ये वरचेवर निघतो. एक बाजू सर्व राष्ट्रांना टाळ्या वाजवायला सांगणारे 47वे स्तोत्र उघडून दाखवते. दुसरी बाजू म्हणते, हे देवाचे घर आहे, नाट्यगृह नव्हे. मग विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. उपासनेचा क्रम आखणे, गायनवृंद बसवणे आणि ध्वनियंत्रणा सांभाळणे ही कामे करणाऱ्या आम्हा काही जणांना वाटते की ‘टाळी’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात, म्हणूनच हा वाद सुटत नाही.

पहिली तालाची टाळी. गाणे चालू असताना सगळी मंडळी ती वाजवते. ती गाण्याचाच भाग असते. दुसरी जयजयकाराची. बाप्तिस्मा झाला, दीक्षा झाली, पुनरुत्थानाची घोषणा झाली की ती उठते. तिसरी शाबासकीची. एकलगायन संपले, मुलांनी नाटिका सादर केली, संदेश (प्रवचन) रंगला की ती पडते. पहिल्या दोन टाळ्यांना आमचा विरोध नाही. तिसरी मात्र उपासनेच्या आत नसावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

शास्त्रातला आधार दोन्ही बाजू अर्धाच वाचतात. 98व्या स्तोत्रात नद्या टाळ्या वाजवतात, यशया 55:12 मध्ये रानातली झाडे वाजवतात. 2 राजे 11:12 मध्ये सात वर्षांच्या योवाशाला मुकुट घातल्यावर लोक टाळ्या वाजवून राजाला दीर्घायुष्य चिंतितात. या सर्व ठिकाणी टाळी राजाला आहे, मग तो पृथ्वीवरचा असो वा स्वर्गातला. विलापगीत 2:15 आणि नहूम 3:19 मध्ये तर पडलेल्या नगराची अवस्था पाहून टाळ्या वाजतात. नव्या करारात उपासनेतल्या टाळीचा उल्लेखच नाही. जवळचा प्रसंग आहे तो प्रेषितांची कृत्ये 12 मधला. हेरोद राजवस्त्रे घालून भाषण करतो, लोक ‘ही मनुष्याची नव्हे, देवाची वाणी’ असे ओरडतात, आणि तो ते गौरव देवाला न देता स्वतःकडे ठेवतो. लगेच देवदूताने त्याला तडाखा दिला आणि तो मेला.

हा प्रश्न ध्वनिवर्धक आणि गिटार आल्यावर निर्माण झाला असे समजणाऱ्यांनी तिसऱ्या ते पाचव्या शतकाकडे पाहावे. त्या काळी प्रवचनाला टाळ्या आणि आरोळ्या पडणे नेहमीचेच होते. इ.स. 268च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप समोसाटचा पौल याला पदच्युत करण्यात आले. चर्चचा आद्य इतिहासकार युसेबियस याने जतन केलेल्या पत्रात त्याच्यावरच्या इतर आरोपांबरोबर हाही आहे, की नाट्यगृहातल्याप्रमाणे टाळ्या न वाजवणाऱ्या आणि रुमाल न हलवणाऱ्या श्रोत्यांना तो रागावत असे. नामांकित प्रवचनकार बिशप योहान ख्रिसोस्तम याच्या अगदी उलट. प्रेषितांच्या कृत्यांवरील 30व्या प्रवचनात तो कबूल करतो की टाळ्या पडताना माणूस म्हणून आपल्याला आनंद होतो. पण घरी गेल्यावर मनात येते, की ऐकणाऱ्यांना जो लाभ व्हायचा तो त्या टाळ्यांतच विरून गेला. मग तो नियम सुचवतो की बोलणारा बोलत असताना कोणी टाळ्या वाजवू नयेत. त्या सूचनेलाच टाळ्या पडल्या! ‘मी नियम करतो आहे तो याच गोष्टीविरुद्ध,’ अशा अर्थाचे त्याचे हताश वाक्य त्याच प्रवचनात आहे.

ख्रिसोस्तमाने लाभाबद्दल जे म्हटले तेच आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शाबासकीची टाळी ही ऐकलेल्या गोष्टीची पोच असते, आणि पोच दिली की व्यवहार पुरा होतो. पापाची कबुली मागणाऱ्या संदेशाला टाळी पडली, की ऐकणाऱ्याच्या मनात उठलेली अस्वस्थता तिथेच सुटून जाते. संदेशानंतर दोन मिनिटे कोणी हलले नाही, तर तीच अस्वस्थता त्याच्याबरोबर घरी जाते. संदेशाचे काम तेवढ्यासाठीच असते.

टाळ्यांचा सर्वांत मोठा तोटा वर्षभराच्या क्रमात दिसतो, एका रविवारी नाही. टाळी कशाला पडते ते पाहा. शेवट उंच स्वरावर असेल, लय ओढून धरली असेल, आवाज वाढवत नेला असेल, तर ती हमखास पडते. हळू आवाजात, खालच्या स्वरावर विसावणाऱ्या गीताला पडत नाही. गायनवृंद ही गोष्ट लवकर शिकतो. निवड करणाऱ्याच्या नकळत यादी बदलत जाते आणि विलापाची, पश्चात्तापाची, वाट पाहण्याची गीते मागे पडतात. स्तोत्रसंहितेत मोठा वाटा विलापस्तोत्रांचा आहे. ज्या मंडळीच्या वर्षभराच्या यादीत एकही विलाप उरलेला नाही, तिथे शोकात असलेला माणूस नुसता पाहुणा होतो.

साक्षीच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले हे मंडळीसमोर सांगण्याच्या, बाबतीत हे याहून क्रूर होते. आजार बरा झाला, नोकरी मिळाली, व्यसन सुटले या साक्षींवर टाळ्यांचा कडकडाट होतो. पुढे येणारी बाई सांगते, की प्रार्थना केली, तरी मूल गेले, आणि तरीही मी प्रभूला धरून आहे. तिच्या वेळी हात हलत नाहीत, हलायलाही नकोत. पण आधीच्या तिघांना टाळ्या मिळाल्यामुळे तिच्या वाट्याची शांतता नापसंतीसारखी वाटते. सर्वांना एकच प्रतिसाद ठरवला तर हा भेद राहत नाही. प्रत्येक साक्षीनंतर उपासना चालवणाऱ्या चालकाने ‘प्रभूचे नाव धन्यवादित असो’ म्हणावे आणि मंडळीने ‘आमेन’ म्हणावे. आनंदाच्या साक्षीला ते शोभते आणि दुःखाच्याही.

मंडळीला प्रतिसादासाठी दिलेला शब्द ‘आमेन’, म्हणजे ‘तसेच होवो’, हाच आहे. 1 करिंथ 14:16 मध्ये पौल तो गृहीतच धरतो: उपकारस्तुती समजली नाही तर ऐकणारा आमेन कसा म्हणणार? इ.स. 155च्या सुमारास आद्य ख्रिस्ती लेखक जस्टिन याने उपासनेचे जे वर्णन केले त्यात प्रार्थनेला लोकांचे आमेन आहे. रोममधल्या उपासनास्थानांत आमेन मेघगर्जनेसारखे घुमते, असे बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने लिहून ठेवले. इ.स. 426 मध्ये बिशप ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो येथे आपला उत्तराधिकारी जाहीर केला, तेव्हा लोकांनी दिलेल्या घोषणा लेखनिकांनी मोजून नोंदवल्या. ‘देवाला धन्यवाद, ख्रिस्ताला स्तुती’ ही 23 वेळा. टाळीला शब्द नसतात, त्यामुळे ती कोणाला उद्देशून आहे हे वाजवणाऱ्यालाही ठरवता येत नाही. घोषणेत नाव घ्यावेच लागते. आज बहुतेक ठिकाणी आमेन पुढचा एकटाच म्हणतो, तेही पुटपुटत. ती जागा रिकामी झाली आणि तिथे टाळी येऊन बसली.

तरीही सरसकट बंदीला आमचा पाठिंबा नाही. कॅथलिक धर्मगुरूंच्या दीक्षाविधीत उमेदवाराच्या निवडीनंतर मंडळी ‘देवाला धन्यवाद’ म्हणून किंवा त्या त्या प्रदेशाच्या रीतीप्रमाणे संमती दर्शवते, आणि काही देशांत ती टाळ्यांनीच दिली जाते. ऑर्थोडॉक्स परंपरेत अशाच वेळी ‘अक्सिओस’, म्हणजे ‘योग्य आहे’, असा गजर होतो. मानवी कर्तबगारीसाठी टाळ्या पडल्या की उपासनेचे सत्त्व हरपून तिथे धार्मिक करमणूक येते, असे योझेफ रात्झिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांनी लिहिले होते. तेच रात्झिंगर 8 एप्रिल 2005 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या अंत्यविधीत प्रवचन देत होते, आणि लोकांच्या टाळ्यांमुळे त्यांना पुन्हा पुन्हा थांबावे लागले. शोकाने भरलेल्या मनाला कधी कधी हाताखेरीज वाट सापडत नाही. अशा टाळीला शाबासकीच्या खात्यात घालू नये.

आता तालाच्या टाळीबद्दल. तिथे तक्रार भक्तीची नसून ध्वनीची असते, आणि तिच्यावर उपाय आहेत. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 34 मीटर लांब चर्चमध्ये पुढचा स्वर शेवटच्या बाकापर्यंत पोचायला 0.1 सेकंद लागतो. मागचा माणूस ऐकलेल्या तालावर बरोबर टाळी देतो, पण ती पुढे पोचेपर्यंत आणखी 0.1 सेकंद जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे गायनवृंदाला मागची टाळी जवळजवळ अर्धी मात्रा, नेमके सांगायचे तर दोन-पंचमांश मात्रा उशिरा ऐकू येते. तिच्याशी जुळवायला गेले की लय ओढली जाते. तिला मागे टाकायला गेले की धावते. त्यात दगडी भिंती आणि उंच छत असेल, आवाज विरायला तीन सेकंद लागत असतील, तर सहा मात्रांच्या टाळ्या एकमेकींवर साचतात आणि गीताचे शब्द बुडतात.

यावर पहिला उपाय, कानाऐवजी डोळ्याने टाळी धरणे. गीत चालवणाऱ्याने हात डोक्याच्या वर नेऊन मात्रा दाखवावी. प्रकाशाला वेळ लागत नाही, म्हणून उशीर निम्मा होतो. दुसरा, लय 80 ते 90च्या आसपास ठेवणे. तिसरा, चार मात्रांच्या गीतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच टाळी देणे. शब्दांचा आघात बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर असतो. समेवरच टाळी कोसळली तर तोच आघात झाकला जातो. आफ्रिकन-अमेरिकन गॉस्पेल परंपरेत टाळी दुसरी-चौथीवर पडते, आणि तिथे शब्द स्पष्ट ऐकू येतात. तीन मात्रांच्या संथ भक्तिगीताला टाळी लावूच नये. लोक पहिल्या मात्रेवर हात मारून पुढच्या दोन मात्रा नुसते थांबतात आणि गीत लंगडत चालते.

ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. गायनवृंदासमोरच्या मायक्रोफोनजवळ गायकांनी स्वतः टाळी देऊ नये. टाळीचा आवाज क्षणभरच असतो, पण फार तीव्र असतो. तो आला की लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देणारे साधन) सगळाच आवाज खाली खेचतो आणि घरी बसून प्रक्षेपण ऐकणाऱ्याला प्रत्येक टाळीला गाणे दबल्यासारखे वाटते. गायकांनी हात हलवून दाखवावे, टाळी मंडळीने द्यावी. टाळी पोकळ ओंजळीची द्यायला सांगावी. तिचा आवाज खालच्या स्वराचा येतो. बोटे तळव्यावर आपटून येणारी चटचटीत टाळी श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळांच्या कानाला टोचते. मंडळीत कर्णबधिर असतील तर दोन्ही हात वर करून पंजे हलवणे ही त्यांची टाळी आहे, ती सर्वांनीच शिकावी.

मुलांचा प्रश्न राहतो. ‘लहान मुलांना तरी टाळ्या द्या’ हे म्हणणे आम्हाला समजते. पण एका मुलाला जोरात पडते आणि दुसऱ्याला विरळ, हे मुले अचूक मोजतात. त्यांचे गीत संपताच वाद्याने त्याच सुरावर मंडळीचे गीत सुरू करावे आणि मुलांनी ते पुढे उभे राहून सर्वांबरोबर गावे. कौतुक आशीर्वादानंतर करावे: दारात, नावाने, हात हातात घेऊन. गायनवृंद, वाद्ये वाजवणारे आणि फुले लावणारे यांचे आभारही तिथेच किंवा शेवटच्या सूचनांमध्ये मानावेत. आभार मानू नयेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. एरवी वर्षभर राबणाऱ्या या माणसांना धड आभारही मिळत नाहीत, ही खरी उणीव आहे, आणि अधूनमधून पडणाऱ्या टाळीने ती भरून निघत नाही.

बदल करायचा असेल तर व्यासपीठावरून जाहीर करू नये; ख्रिसोस्तमाचा अनुभव समोर आहे. क्रम असा आखावा की टाळीला फटच मिळणार नाही. गीत आणि शास्त्रवाचन यांच्यामध्ये चालकाने काही बोलू नये. गीताचा शेवटचा स्वर विरेपर्यंत वादकाने हात वाद्यावरच ठेवावेत. हात उचलले की लोकांना ‘संपले’ अशी खूण मिळते. वाचकाने तेवढ्यात उभे राहिलेले असावे. एकल गीताच्या शेवटच्या ओळीत मंडळीला सामील करून घेतले तर टाळी देणारा वेगळा श्रोताच उरत नाही. ‘प्रभूसाठी जोरदार टाळ्या’ असे म्हणून लोकांना उठवण्याची सवय चालकांनी सोडावी. पहिली टाळी कमी वाटली म्हणून पुन्हा मागणे तर अगदीच अनुचित.

आणि तरीही एखादा नवखा एकटाच टाळी वाजवेल. टाळी संसर्गजन्य असते. जमलेल्यांपैकी एकूण किती जण वाजवत आहेत यावर माणसे सुरू करतात आणि थांबतात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. अशा वेळी कोणी वळून त्याच्याकडे पाहू नये. जवळच्या वडीलधाऱ्याने मोठ्याने, प्रसन्नपणे ‘आमेन’ म्हणावे. बाकीचे त्यात सामील होतील, आणि त्या नवख्याचाही आवाज त्यात असेल.

आपले,
उपासना-संगीत आणि ध्वनिव्यवस्था पाहणारे काही वाचक