ऊसतोडीच्या हंगामाआधी सोबती कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी आवाहन

नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई, केज, धारूर भागात आमचा सोबती गट काम करतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य अशा मानसिक आजारांतून स्वतः गेलेली आणि उपचार घेऊन सावरलेली माणसं नव्याने आजारी पडलेल्यांच्या घरी जातात, त्यांच्याबरोबर ओपीडीच्या रांगेत थांबतात. गोळ्यांनी सुस्ती येते, तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं, आणि तरी त्या अचानक का बंद करायच्या नाहीत, हे अनुभवातून सांगतात. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, त्यात सोबती पडत नाहीत. पण ‘मलाही आवाज यायचे, आज मी दुकान सांभाळतो’ हे सोबतीच सांगू शकतो. ‘बाहेरचं आहे’ म्हणत देवऋष्याकडे खेटे घालणारी घरं एवढ्या बोलण्यावर दवाखान्यात आलेली आम्ही पाहिली आहेत.

खरी कसोटी दसऱ्यानंतर. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फडात पहाटेपासून कोयता चालतो, झोप तुटते, गोळ्या संपतात. मुकादमाला सांगायची सोय नसते, कारण सांगितलं की पुढच्या वर्षी टोळीत घेतील की नाही याची धास्ती. अशा वेळी गावाकडून फोन करणारा सोबती हाच उपचाराशी उरलेला धागा असतो.

पण या सोबत्यालाच व्यवस्थेत जागा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळांवर आजाराचा अनुभव असलेल्यांना बसता येईल अशी तरतूद केली, मात्र सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य पथकात मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवा कार्यकर्ता, परिचारिका अशी पदं असताना सोबत्याचं पद नाही. त्यामुळे तो ‘स्वयंसेवक’ ठरतो. मग कुणी त्याला केसपेपर आणायला पिटाळतं, कुणी सगळ्यांसमोर ‘आज गोळी घेतली का?’ विचारतं. थोडा चिडला तरी ‘आजार उलटला’ असा शेरा. शिवाय स्वतःचा आजार उघड करणं हीच या कामाची अट. गावात त्याची किंमत बहिणीच्या सोयरिकीपर्यंत मोजावी लागते. हे सगळं विनामोबदला करून घेणं आम्हाला अन्याय्य वाटतं. आमचे काही चांगले सोबती याच कारणाने शेतमजुरीकडे परतले, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना राहतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली राज्याची चारही जुनी मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर. आपल्याकडे घरापर्यंत पोचणारं माणूसच हवं.

म्हणून मागतो आहोत. एका सोबत्याला महिन्याला 6,000 रुपये मानधन आणि 1,000 रुपये प्रवास व फोनसाठी द्यायचे ठरवलं आहे. आजारपणाची सुट्टीही भरपगारी असेल. सोबत्याला पुन्हा त्रास झाला तर त्याचं काम जाणार नाही. एका सोबत्याचा एक महिना उचलला तरी चालेल, चौघांनी मिळून उचलला तरी चालेल.

पैशांइतकीच गरज माणसांची आहे. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून सोबती थकतात, कधी जुन्या जखमा उघडतात. निवृत्त परिचारिका, समुपदेशक, मानसशास्त्राचे प्राध्यापक यांनी आठवड्यातून तासभर त्यांच्यासाठी द्यावा. ग्रामपंचायतींनी एक खोली द्यावी, पण आतलं बोलणं ओट्यावर ऐकू जाणार नाही अशी. मुकादम आणि कारखान्यांच्या शेतकी विभागांनी टोळीतल्या माणसाला गोळ्या आणायला एक दिवस मोकळा द्यावा आणि त्याची मजुरी कापू नये.

तातडीची मदत हवी असेल तर आमची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

देणगी गटाच्या बैठकीत खजिनदारांकडे द्यावी आणि पावती घ्यावी. सोबत्यांच्या हातात रोख देऊ नये. देणगीच्या बदल्यात त्यांचे फोटो किंवा आजाराची कहाणी मागू नये, ती आम्ही कोणालाही देत नाही.